चौकीच्या छपरावरच्या मिरच्या

मुलाने वाळूच्या चौकीवर लाल मिरचीचे तुकडे पसरले आणि मला म्हणाला, "माय, आते गच्चीवर जाय. तथून देख."

मी जिना चढले. कठड्याला धरून खाली बघितलं. अंगणात त्याने ओल्या वाळूचा डोंगर केला होता. डोंगराच्या पाठच्या उतारावर चपलांचं एक खोकं ठेवलं होतं, ती त्याची सरहद्दीवरची चौकी. खोक्यावर माती भुरभुरलेली, बारीक खडे टाकलेले. वरून खोकं कुठे आहे तेच कळत नव्हतं. पाण्याचे डबे म्हणून ठेवलेल्या काडेपेट्या दिसत नव्हत्या, चर दिसत नव्हता. मातीच्या रंगात एक लाल चौकोन तेवढा दिसत होता.

"काय दिखस?" त्याने खालून विचारलं.

"लाल."

"आखो काय?"

"आखो काहीच नही."

पुण्याहून आलेली अभ्यासाची बाई ओट्यावर वही घेऊन बसली होती. ती लिहायची थांबली. "दादा, हे लाल काय आहे? तुम्ही आधी दोनदा सगळं सांगितलंत, त्यात हे नव्हतं."

मुलाने तिच्याकडे बघितलंच नाही. मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "मिरच्या. मन्ही मायनी धाडेल व्हत्यात."

आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. अकराही उतरले, मोरीवर गेले आणि साबणाने हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

मिरच्यांचं आधी सांगते. आमचं शेत ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला लागून आहे. ऊस आहे, थोडी पपई आहे आणि एका तुकड्यात मिरची. मिरची लाल झाली की तोडून खळ्यावर पसरायची. त्याला आमच्याकडे पथारी म्हणतात. नंदुरबारला तर व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या एवढ्या मोठ्या असतात की लांबून शेतच रंगवल्यासारखं दिसतं. पसरायची म्हणजे पातळ पसरायची. एकीवर एक आली तर खालची काळी पडते. दिवसातून दोनदा उलटायची. मग देठ खुडायचे. देठ खुडायला धडगावकडच्या डोंगरातल्या पावरा आदिवासी बाया दर हंगामाला खाली येतात, महिना-दोन महिने खळ्यावरच राहतात.

त्यातली एक बाई वर्षानुवर्षे आमच्याकडे यायची. तिचा मुलगा खळ्यावरच मोठा झाला. चार वर्षांचा होता तेव्हापासून काठीने मिरच्या उलटायचा. माझा मुलगा फौजेत गेला. तो रजेवर आला की हा त्याच्या बुटांकडे बघत बसायचा. पुढे त्याच्याच मागे लागून भरतीला गेला आणि निवडला गेला. माझा मुलगा तोवर हवालदार झाला होता. त्याने साहेबांना सांगून याला आपल्या तुकडीत मागून घेतलं. मला ते फार बरं वाटलं होतं. दोघं एका भागातले, एकमेकांना बघतील.

त्या दिवाळीत मुलगा रजेवर आला आणि चार दिवसांत परत बोलावणं आलं. आभाळ भरलेलं होतं, मिरच्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. वाळलेली मिरची मुठीत दाबली की बियांचा आवाज येतो. या मऊ होत्या, आवाज नव्हता. तरी मी पाच किलोची पिशवी भरली. मुलगा म्हणाला, "राहू दे, तथं मिरची भेटस."

मी म्हटलं, "ती भेटस ती मिरची नही, रंग शे. ली जाय."

सून म्हणाली, "आत्या, ओल्या शेतीस, वास मारतीन."

"तथं ऊन नही का? वाळाडतीन."

हे माझं बोलणं. मीच बोलले होते.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. आधी फोन आला, की जखमी आहे. मग दवाखान्यातून त्याचा आवाज ऐकला. मग चार महिन्यांनी तो घरी आला, डाव्या पायात सळई, गुडघा वाकत नाही. डोंगरातला जवान, त्या खुडणाऱ्या बाईचा मुलगा, आला नाही. त्याला तिरंग्यात आणलं होतं. घाटात गाड्यांची रांग लागली होती म्हणतात. मी गेले नाही, मी तेव्हा दवाखान्यात मुलापाशी होते. आकाशातून उडत्या यंत्राने बॉम्ब टाकला, एवढंच लोकांना माहीत होतं आणि मलाही तेवढंच माहीत होतं.

मग ही बाई यायला लागली. लष्कराची परवानगी घेऊन आली होती. लढाईची आखणी कशी करतात आणि नवीन यंत्रं आल्यावर ती आखणी कुठे चुकते, याचा तिचा अभ्यास. मी पहिल्यांदा विचारलं, "तू चौकशीची का?"

"नाही मावशी. चौकशी केव्हाच झाली. चौकशीत चूक कोणाची ते बघतात. मी चूक कशी होते ते बघते. माझ्या कागदात कोणाचं नाव नसतं."

"फरक काय पडतो?"

"पुढच्या चौकीला पडतो."

मला तिचं बोलणं पटलं नव्हतं, पण चहा दिला. ती खोदून खोदून विचारायची. सकाळी किती वाजता उठलात, पाणी कोणी आणलं, स्टोव्ह कुठे होता, कपडे कुठे वाळत घातले. मुलगा सांगायचा आणि मी भाजी निवडत ऐकायची. असं वाटायचं, ही एवढी शिकलेली आणि स्टोव्हचं विचारत बसलीय.

तिच्याकडून मला कळलं ते असं. चौकी डोंगराच्या पाठीला होती, शत्रूला समोरून दिसत नव्हती. धूर करायचा नाही, उजेड दाखवायचा नाही, चमकणारं काही बाहेर ठेवायचं नाही, रोज एकाच वाटेने जायचं नाही, हे सगळे नियम जुने आणि पोरांनी सगळे पाळले होते. पण ते नियम समोरून बघणाऱ्या माणसासाठी केलेले. आता वरून बघणारं यंत्र आलंय, ते स्वस्त आहे, ते तासन् तास फिरतं. तिचा अंदाज असा होता की यंत्राने स्टोव्हची ऊब ओळखली. नवीन चौक्या बांधायच्या होत्या. त्यांच्या आखणीत स्टोव्हवर जाड झाकण घाला, असं ती सुचवणार होती.

मुलगा मान हलवायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही.

असं चाललं असताना एका सकाळी शेजारच्याने पपईवर फवारणी करायला ड्रोन आणला. आता आमच्याकडे बरेच जण आणतात, औषध वरून मारतात, माणसाच्या नाकातोंडात जात नाही. मुलगा आमच्या बांधावर खुर्ची टाकून बसला होता. यंत्र भिरभिरत वर गेलं आणि मी बघते तर खुर्ची रिकामी. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला होता. न वाकणारा पाय बाहेर राहिला होता.

शेजारी ओरडला, "हवालदार, निघा बाहेर! औषध शे, बॉम्ब नही! तुम्हले बी मारू का थोडं, डास जातीन!"

त्याची माणसं हसली. मी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. त्याने यंत्र खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको पपया घेऊन आली, मी ठेवून घेतल्या.

मुलगा दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माय, अर्धी ट्रॉली वाळू पाहिजे." फौजेत मोहिमेआधी वाळूचा नकाशा करतात, डोंगर, वाट, चौकी सगळं वाळूत मांडतात आणि त्याच्याभोवती उभं राहून आखणी ठरवतात. त्याने बाईला फोन करून बोलावलं आणि अंगणात तो डोंगर केला. बाई आल्यावर आत गेला, स्वयंपाकघरातल्या बरणीतून चार मिरच्या आणल्या, कात्रीने कापल्या. तिथून पुढचं मी सांगितलं.

हात धुऊन मी बाहेर आले आणि ओट्यावर बसले. मग त्याने सगळं सांगितलं, एकदाच, थांबत थांबत.

पिशवी वर पोचली तेव्हा वास सुटला होता. डोंगरातल्या जवानाने पिशवी उघडली, नाक लावलं आणि म्हणाला, "साहेब, मायना मिरच्या सडतीन. दोन ऊन दाखाडा लागतीन." मुलाने विचार केला. छप्पर डोंगराच्या आडोशाला होतं, समोरून दिसत नव्हतं. तो हो म्हणाला. जवानाने छपरावर पोतं अंथरलं आणि मिरच्या पसरल्या. पातळ, एकीवर एक नाही. दोनदा उलटल्या. दुसऱ्या चौकीवरून कोणी फोनवर चेष्टा केली, की तुमच्याकडे मसाल्याचा कारखाना निघाला काय. तिसऱ्या दिवशी खूप उंचावर एक ठिपका दिसला, घारीएवढा. चौथ्या दिवशी सकाळी ते यंत्र आलं. जवान छपरावर मिरच्या उलटत होता. बॉम्ब पोत्याच्या मधोमध पडला.

बाईने वहीतली मागची पानं चाळली. मग म्हणाली, "दुसऱ्या चौकीवर पण असाच स्टोव्ह होता ना?"

"असाच. तेवढीच माणसं. तसंच छप्पर. तिला काही झालं नाही."

"हे मला लिहावं लागेल."

"नाही लिहायचं," मुलगा म्हणाला.

"नाव नाही घालणार."

"बाई, आमच्या तुकडीत मिरच्या वाळवणारा कोण असेल ते सगळ्यांना कळतं. नाव कशाला पाहिजे? उद्या म्हणतील, पावऱ्याच्या पोराला अक्कल नव्हती, मिरच्यांपायी चौकी घालवली. त्याला सलामी दिलीय. ती तशीच राहू द्या."

बाईने वही मिटली. म्हणाली, आखणीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, चार दिवस थांबते, तुमची परवानगी नसेल तर हे पान मी फाडीन. गेली.

ती गेल्यावर मी त्याला विचारलं, "तू त्याले वाचाडस का सोताले? पसराले हो तू म्हणेल व्हतं ना?"

"मीच म्हणेल. मी हवालदार. त्यानी इचारं, मी हो म्हटलं."

"मंग?"

"मंग काय? माय, मी तुले वाचाडी ऱ्हायन्तू."

घरी आल्यापासून आठ महिने हा मुलगा मला वाचवत माझ्या हातची मिरचीची भाजी माझ्यासमोर बसून खात होता.

"मंग आज कसाले सांगं?"

ड्रोन फिरला होता त्या पपईच्या शेताकडे त्याने बोट दाखवलं. "सरहद्दीवर नव्या चौक्या होई ऱ्हायन्यात. तथली पोरं स्टोव्ह झाकतीन आन छपरावर कोनी चड्डी-बनियन वाळत घालतीन. कोनी गोधडी. लाल, पिवळी, काय बी. मी सांगं नही तं कोन सांगी?"

"आन सांगं तं त्यानं नाव जास."

"हां."

एवढीच गोष्ट होती. बोललं तर मेलेल्याच्या नावाला डाग, नाही बोललं तर जिवंत असलेल्यांच्या डोक्यावर यंत्र. तो ठरवू शकत नव्हता. मला वाटलं, हे ठरवायचा हक्क आमच्या घरात कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला गेले आणि धडगावची जीप धरली. माणसं खच्चून भरलेली, मागे तीन जण लटकलेले. माझा एक पाय दाराबाहेर राहत होता. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, पाय आत घ्या. नाहीतर पाय तुमच्याआधी धडगावला पोचेल." मी म्हटलं, "पोचू दे, तेवढंच भाडं कमी घे." घाटात कोणी ओकलं, कोणी झोपलं. धडगावहून पुढे दुसरी जीप, मग अर्धा तास पायी. बहात्तर वर्षांच्या बाईने हे करू नये, पण सुनेला सांगितलं असतं तर तिने सोडलं नसतं.

जवानाची आई घरापुढे मक्याची कणसं सोलत बसली होती. ती घरात पावरी बोलते, माझ्याशी खळ्यावर शिकलेली अहिराणी आणि मराठी मिसळून बोलते. मला बघून म्हणाली, "तू कशाले वनी? खुडाले बाया कमी पडन्यात का?"

"खुडणं संपलं. तुले भेटाले वनू."

मी बसले आणि कणसं सोलायला घेतली. दारावर मुलाचा वर्दीतला फोटो होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला. तिने आतून भाकरी आणि चटणी आणली. खाऊन झाल्यावर मी सांगितलं. फिरवून सांगितलं नाही. ओल्या मिरच्या मी पाठवल्या, माझा मुलगा हो म्हणाला, तुझ्या मुलाने पसरल्या, लाल रंग वरून दिसला. पुण्याची एक बाई हे कागदात लिहू का म्हणून विचारते, तेही सांगितलं.

ती कणसं सोलत राहिली. दोन-तीन कणसं झाली.

मग विचारलं, "तिथे ऊन कसं होतं?"

"कडक होतं म्हणे. थंडी बी तशीच."

"दोनदा उलटायचा?"

"दोनदा."

"पातळ पसरलेल्या?"

"पातळ."

"मग वाळल्या असतीन."

"वाळल्या असतीन," मी म्हटलं.

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "उलटायची काठी मी दिली होती त्याच्या हातात. चार वर्षांचा होता, खळ्यावर." थोड्या वेळाने म्हणाली, "ती बाई नाव लिहिणार?"

"कोनंच नही."

"मग लिहू दे. पण झोपला होता असं नको लिहू म्हणावं. इथे बाजारात एक माणूस बोलला. म्हणाला, झोपली असतीन पोरं, म्हणून मेली. मी त्याच्या अंगावर टोपली फेकली. लिही म्हणावं, काम करत होता. उभा होता."

"सांगते."

"सांग. आणि तू आता इथे येऊ नको." आवाज चढवला नव्हता तिने. "भाकरी खाल्ली, झालं. परत येऊ नको."

मी उठले. माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण ती कणसाकडे बघत होती, म्हणून मिटलं. मला सोडायला तिने शेजारच्या मुलीला रस्त्यापर्यंत पाठवलं. येताना जीपमध्ये जागा मिळाली, खिडकीपाशी.

घरी येऊन मुलाला सांगितलं. त्याने ऐकलं आणि बाईला फोन लावला. म्हणाला, "लिहा. छपरावरच्या माणसाचं असं लिहा की तो उभा होता." मग फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "आणि लिही, मिरच्या घरून आल्या होत्या, ओल्या होत्या. म्हणून पसरायला लागल्या. वाळलेल्या असत्या तर डब्यात राहिल्या असत्या."

"मावशी, हे खरंच लिहू?"

"मग काय सजवून लिहिणार?"

ती म्हणाली, अशा कागदात कारण असं ठाम लिहीत नाहीत, शक्य कारण असं लिहितात. यंत्र काय बघत होतं ते आपल्याला कधीच नक्की कळणार नाही. मी म्हटलं, तुला जे लिहायचं ते लिही. मला नक्की कळलंय.

काही महिन्यांनी ती छापलेला अभ्यास घेऊन आली. जाड पुस्तक, सगळं इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने दोन वाक्यं मराठीत करून वाचली. एक असं की छपरावर किंवा उघड्यावर काहीही वाळत घालू नये, समोरून आडोसा असला तरी. दुसरं असं की घटनेच्या वेळी चौकीवरचे सर्व जवान जागे होते आणि आपापल्या कामावर होते, त्यातला एक छपरावर उभा होता. बैठकीत एक साहेब म्हणाले होते, यंत्रांच्या एवढ्या मोठ्या अभ्यासात मिरच्या कशाला? तिने त्यांना वाळूच्या चौकीवरच्या लाल चौकोनाचा आमच्या गच्चीवरून काढलेला फोटो दाखवला.

दुसरं वाक्य मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं आणि धडगावच्या जीपवाल्याकडे दिलं. पोचलं, असं तो म्हणाला. तिच्याकडून निरोप आला नाही. त्या हंगामात ती खळ्यावर आली नाही, यंदाही नाही. तिच्या गावच्या इतर बाया शेजारच्यांच्या पथाऱ्यांवर येतात. त्यांना मी तिचं विचारते, त्या बरी आहे म्हणतात.

आम्ही आता मिरचीच्या तुकड्यात मका लावतो.

त्या सकाळी चौकीवर पाच जण होते. छपरावरचा जवान जागेवरच गेला. छपराखाली दोघं होते, एक त्याच दिवशी गेला, एक तिसऱ्या दिवशी दवाखान्यात. वायरलेसवाला चराच्या टोकाला होता, तो वाचला, त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही. माझा मुलगा पाणी आणायला उतरत होता. तो वाचला.